बिघाड माऊसचा की खेळाचा?

रावेरला दुपारी चारच्या सुमारास ऊन पश्चिमेच्या खिडकीतून आडवे आत येते. आमच्या शाळेच्या संगणक खोलीत या खिडकीशी एक जुना संगणक ठेवलेला आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत त्याने आम्हांला चांगलेच चकवले. सकाळी दहा वाजता त्याचा माऊस व्यवस्थित चाले. दुपारी एकलाही चाले. चार वाजले की पडद्यावरचा बाण जागच्या जागी गोठे, आणि पाचच्या पुढे, कोणी हातही न लावता, तो पुन्हा हलू लागे. मुलांनी त्याचे नाव 'भुताचा माऊस' ठेवले होते.

असे एकूण पाच संगणक कोपऱ्यात पडले होते. पाचांवरही चिठ्ठी एकच होती : 'माऊस नादुरुस्त'. सुट्टी संपली की ते भंगारवाल्याकडे जायचे होते. नववीच्या काही मुलांना मात्र स्नेहसंमेलनात जुन्या संगणकीय खेळांचे दालन मांडायचे होते. मुख्याध्यापकांनी अट घातली, "सुट्टी संपेपर्यंत जो संगणक नीट चालेल तो राहील, बाकीचे जातील." म्हणजे मुलांच्या हाती सोळा दिवस होते, आणि माझ्याही, कारण विज्ञान शिक्षक म्हणून खोलीची किल्ली माझ्याकडे होती.

'माऊस बिघडला' हे निदान फार ढिले आहे. डॉक्टरांकडे जाऊन नुसते 'बरे वाटत नाही' म्हणण्यासारखेच ते. आपला हात हलतो आणि पडद्यावरचा बाण हलतो, यांच्या मध्ये पुष्कळ मंडळी काम करीत असतात. टेबलाचा पृष्ठभाग, माऊसच्या पोटातील यंत्रणा, वायरीतून जाणारा निरोप, तो निरोप वाचणारा मध्यस्थ प्रोग्राम (त्याला ड्रायव्हर म्हणतात), आणि शेवटी खुद्द खेळ. यांपैकी कोणीही चुकला तरी दोष बिचाऱ्या माऊसच्या माथी येतो.

यातली एक गोष्ट आधी नीट समजून घेतली पाहिजे. माऊसला आपण कोठे आहोत हे मुळीच माहीत नसते. समजा, तुम्ही रात्रीच्या गाडीने रावेरहून खांडव्याकडे निघाला आहात आणि बाहेर मिट्ट काळोख आहे. पूर्वी रुळांच्या सांध्यांवर चाके खडखडत. ते खटके मोजून तुम्ही किती अंतर कापले ते सांगू शकाल. पण कोठे आहात हे सांगायचे तर सुरुवात रावेरहून केली होती हे ठाऊक असले पाहिजे. माऊस नुसते खटके मोजतो. 'मागच्या निरोपानंतर उजवीकडे सात, खाली तीन', एवढेच तो कळवतो. त्यावरून बाण कोठे काढायचा हा हिशेब संगणकाचा. या खटक्याला नावही गमतीचे आहे. कार्टूनमधल्या मिकी माऊसवरून त्याला 'मिकी' म्हणतात.

पहिला माऊस अमेरिकेत डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेतून १९६४ साली तयार झाला. तो बिल इंग्लिश यांनी बांधला. लाकडाची एक ठोकळी आणि तिच्याखाली एकमेकांशी काटकोन करणारी दोन चाके, असे त्याचे रूप होते. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे एंगेलबार्टनी तो जाहीरपणे चालवून दाखवला. पुढे चाकांच्या जागी गोळी आली. आपल्याकडे १९८४ साली शाळांतून संगणक शिकवण्याची 'क्लास' योजना सुरू झाली तेव्हा आलेल्या बीबीसी मायक्रो संगणकांचे काम कळफलकावरच चाले. महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावांत पुष्कळांनी पहिला माऊस हातात धरला तो २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाल्यानंतर निघालेल्या एमएस-सीआयटीच्या वर्गांत. हात बसावा म्हणून मी स्वतः नवशिक्यांना सॉलिटेअरचे पत्ते खेळायला बसवीत असे. १९९० साली विंडोजबरोबर तो खेळ आला. पत्ता उचलून दुसरीकडे नेऊन ठेवायचा म्हणजे कळ दाबून ओढण्याचा सरावच.

आता गोळीच्या माऊसचे पोट उघडू. रबर चढवलेली एक पोलादी गोळी टेबलावर घरंगळते. आत तिला दोन लहान रूळ टेकलेले असतात, एक आडव्या हालचालीसाठी आणि एक उभ्या. प्रत्येक रुळाच्या टोकाला खाचा पाडलेली चकती असते. चकतीच्या एका बाजूला अवरक्त प्रकाश देणारा दिवा आणि दुसऱ्या बाजूला प्रकाश ओळखणारे दोन 'डोळे'. चकती फिरली की प्रकाश, अंधार, प्रकाश, अंधार असे होत राहते आणि तेच खटके.

एका डोळ्याने भागले नसते का? खटके मोजायला भागले असते, पण चकती कोणत्या दिशेने फिरते ते कळले नसते. शेताच्या बांधावर दोन मुले थोड्या अंतराने उभी करा. केळीची गाडी गेली तर आधी कोणाला दिसली यावरून ती शेतात आली की शेताबाहेर गेली ते सांगता येते. हे दोन डोळेही असेच किंचित मागेपुढे बसवलेले असतात.

आता खिडकीजवळच्या माऊसकडे वळू. आम्ही प्रथम सरळ मार्ग धरला. खिडकीजवळचा माऊस काढून दूरच्या संगणकाला लावला. तो उत्तम चालला. त्या संगणकाचा माऊस खिडकीपाशी आणला, तो गोठला. दोन्ही माऊस एकाच बनावटीचे. तेव्हा माऊस चांगला आणि संगणक वाईट, असा निर्णय मी देऊन टाकला. अदलाबदल करून पाहणे ही पद्धत चांगलीच आहे, पण ती करताना आम्ही माऊसची जागाही बदलत होतो, हे माझ्या ध्यानात आले नाही. ते आले एका मुलीच्या. तिने तीन दिवस बाण गोठण्याची आणि सुटण्याची वेळ वहीत लिहिली होती. चौथ्या दिवशी बाण गोठताच तिने तीच वही उघडून माऊसवर छपरासारखी धरली. बाण हलला. वही काढली, गोठला. पुन्हा धरली, हलला.

कारण उघड होते. जमिनीवर पोचणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेपैकी निम्म्याच्या जवळपास ऊर्जा अवरक्त किरणांत असते. माऊसचे फिकट, पातळ प्लॅस्टिक हे किरण पुरते अडवू शकत नव्हते. आत शिरलेल्या उन्हाने ते दोन डोळे दिपून जात. खाच समोर असो वा दाता असो, त्यांना सतत उजेडच दिसे. बदल नाही म्हणजे खटका नाही, आणि खटका नाही म्हणजे, संगणकाच्या समजुतीने, हात हललाच नाही. पाचनंतर ऊन कडुनिंबाच्या झाडामागे जाई आणि भूत उतरे. आम्ही कवचाला आतून काळा कागद चिकटवला. पहिला संगणक वाचला.

दुसऱ्याचे काम अर्ध्या तासात झाले. बाण वर-खाली जाई, पण आडवा जाता जाता अडखळे. एकच दिशा बिघडली असेल तर वायर किंवा खेळ यांच्यावर संशय घेण्याआधी त्या दिशेचा रूळ पाहावा. माऊस उलटा करून गोळीभोवतीचे कडे फिरवले की गोळी हातात येते. आमच्याकडची धूळ, हाताचा घाम आणि तेलकटपणा यांचा एक घट्ट काळा पट्टा रुळावर बसला होता. त्यावर गोळी घसरत होती. दात कोरण्याच्या काडीने पट्टा खरवडला, गोळी साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवली, संपले. (केळीच्या बागेतून आलेल्या मुलांनी हात धुऊन बसावे असा नियमही त्या दिवशी झाला. केळीचा चीक कपड्यावरून जात नाही, तो रबरावरून कशाला जाईल?)

तिसरा माऊस नऊ पिनांच्या जुन्या जोडणीचा होता. विंडोजशिवाय, नुसत्या डॉसवर, एखादा खेळ सुरू केला की बाण भलतीकडेच उड्या मारी आणि कळ न दाबताच दाबली जाई. हा माऊस वायरीतून काय पाठवतो ते पाहण्यासारखे आहे. प्रत्येक निरोपात तीन तुकडे असतात आणि प्रत्येक तुकड्यात सात बिट. त्यांतला एक बिट निरोपाची सुरुवात ओळखण्यासाठी खर्ची पडतो, राहिले सहा. तीन साहे अठरा. आठ बिट आडव्या हालचालीला, आठ उभ्या हालचालीला आणि उरलेले दोन, डाव्या नि उजव्या कळीला. एकही बिट वाया नाही! प्रत्येक तुकड्याच्या आगेमागे एकेक बिट लागतो, म्हणजे निरोप सत्तावीस बिटांचा. वायरीचा वेग सेकंदाला १,२०० बिट. भागाकार करा : सेकंदाला चाळीसच्या आसपास निरोप.

पण ही झाली एक बोली. त्याच काळात तीन कळींच्या माऊसची दुसरी बोली प्रचारात होती. तिच्यात निरोप पाच तुकड्यांचा असे. आमच्याकडे लेवा गणबोली बोलतात आणि धुळ्याकडे अहिराणी. दोन्हीकडची माणसे एकमेकांचे समजून घेतात, यंत्राला ते जमत नाही. पाच तुकड्यांचा निरोप तीन-तीनच्या हिशेबाने वाचला तर हालचालीचा आकडा कळीच्या जागी पडतो आणि सगळा घोळ होतो. अशा अनेक माऊसांच्या पोटाखाली बोली बदलण्याची एक इवलीशी सरकती कळ असते. आमच्या माऊसची ती कळ कोणीतरी कधीतरी सरकवली होती. चिठ्ठी मात्र 'नादुरुस्त'!

चौथ्या संगणकाचा माऊस विंडोजमध्ये उत्तम चाले, पण संगणक डॉसमध्ये सुरू केला की खेळांना त्याचा पत्ताच नसे. येथे दोष मध्यस्थाचा, किंबहुना त्याच्या गैरहजेरीचा. विंडोज स्वतःचा मध्यस्थ बरोबर आणते. डॉसमध्ये तो आपण वेगळा बोलवावा लागतो. खेळ सुरू करण्यापूर्वी त्याचा छोटा प्रोग्राम चालवला की काम होते.

तो चालवल्यावर मुलांनी तक्रार बदलली. "सर, बाण उधळतो." या संगणकाला आम्ही बाजारातून आणलेला नवा माऊस जोडला होता. आता गणित करू. डॉसच्या मध्यस्थाच्या हिशेबी पडदा आडवा ६४० घरांचा असतो आणि एका मिकीला बाण एक घर सरकतो. जुना माऊस एका इंचात सुमारे २०० मिकी मोजत असे. म्हणजे पडदा पार करायला हात ३.२ इंच, सुमारे आठ सेंटीमीटर, हलवावा लागे. आजच्या साध्या माऊसमध्ये इंचाला १,००० च्या आसपास मिकी सापडतात. तोच पडदा आता दीड सेंटीमीटरभर हालचालीत पार होतो. माऊस वाईट नाही. तो जरुरीपेक्षा बारकाईने मोजतो. मध्यस्थाचे हे प्रमाण बदलता येते, किंवा खेळाच्या मांडणीत संवेदनक्षमतेचा आकडा असतो तो कमी करावा. माऊस बदलण्याची गरज नाही.

याच मध्यस्थाची आणखी एक खोड. उभ्या दिशेने बाण एक घर सरकायला तो एक नव्हे, दोन मिकी मागतो. त्याला कारण आहे. मूळचा पडदा ६४० घरे रुंद पण २०० घरेच उंच होता, त्यामुळे एकेक घर रुंदीच्या जवळजवळ अडीचपट उंच असे. प्रमाण समान ठेवले असते तर बाण उभा सुसाट पळाला असता. पुढे ६४० बाय ४८० चे पडदे आले, घरे चौरस झाली. अशा पडद्यावर हे प्रमाण बदलायचे राहून गेले तर बाण उभ्या दिशेने निम्म्या वेगाने चालतो.

काही वेळा तर बिघाड नसतोच. १९९२ चा 'वुल्फेन्स्टाइन थ्रीडी' किंवा १९९३ चा 'डूम' डॉसवर खेळताना माऊस पुढे ढकलला की खेळाडू चालू लागतो. आजच्या खेळांत माऊसने मान वर होते, म्हणून मुलांना वाटले की काहीतरी उलटे झाले. रचनाच तशी होती. ज्यांना ते नको असेल त्यांच्यासाठी उभी हालचाल गिळून टाकणारा 'नोव्हर्ट' नावाचा चिमुकला प्रोग्राम आहे. हे दोन्ही खेळ शाळेच्या दालनात मांडण्याजोगे नाहीत असे माझे मत होते व आहे. ते आम्ही केवळ तपासणीपुरते वापरले, आणि मुलांनी ही तपासणी फार मन लावून केली!

एक दिवस आम्ही जुने खेळ शाळेच्या नव्या लॅपटॉपवरही चालवून पाहिले, आणि तेथे मला सर्वांत आवडलेला दोष भेटला. १९९० च्या दशकातल्या एका चित्रखेळात बाण दारावर ठेवून कळ दाबली की दाराऐवजी शेजारची खिडकी उघडे. डाव्या वरच्या कोपऱ्यात मात्र सारे ठीक. मी मुलांना पट्टी आणायला सांगितले. पडद्याच्या डाव्या कडेपासून बाण किती अंतरावर आहे आणि खेळाने तो कोठे मानला, हे मोजून आलेखाच्या कागदावर मांडायचे. बाण ४ सेंटीमीटरवर असता खेळ तो ५ वर मानी. ८ वर असता १०. १६ वर असता २०. बिंदू एका सरळ रेषेत आले आणि रेषा आरंभबिंदूतून गेली. चढ ५/४, म्हणजे १.२५. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये पाहिले तर अक्षरे मोठी दिसावीत म्हणून पडदा १२५ टक्क्यांवर ठेवलेला! विंडोज जुन्या खेळाचे चित्र सव्वापट ताणून दाखवीत होती, बाणाची जागा मात्र न ताणलेल्या पडद्यावरून सांगत होती. खेळाच्या फाईलवर उजवी कळ दाबून, प्रॉपर्टीजमधल्या कम्पॅटिबिलिटी या पानावर, हाय डीपीआयची मांडणी बदलून ताणण्याचे काम खेळावरच सोपवले की हा दोष गेला.

दुसऱ्या एका खेळात चूक सगळीकडे सारखीच निघाली, प्रत्येक ठिकाणी आठ मिलिमीटर खाली. येथे रेषेचा चढ एक, पण ती आरंभबिंदूतून जात नव्हती. आठ मिलिमीटर म्हणजे खेळाच्या चौकटीवरच्या मथळापट्टीची जाडी. खेळ स्वतःचा वरचा कोपरा चुकीच्या जागी धरून चालला होता. पूर्ण पडद्यावर चालवताच तो सुधारला. तेव्हा चूक वाढत जाते की कायम राहते हे आधी मोजा. वाढत असेल तर कोठेतरी मोजपट्टीत फरक आहे. कायम असेल तर शून्याची जागा सरकली आहे. बीजगणितात 'चढ' आणि 'अंतःखंड' शिकताना तोंड वाकडे करणाऱ्या दोन मुलांनी हे आलेख काढले, हे मला येथे नमूद केलेच पाहिजे.

नव्या संगणकावर डॉसचे सोंग आणणारा 'डॉसबॉक्स' हा प्रोग्राम २००२ पासून उपलब्ध आहे. त्यात बाण चौकटीबाहेर निसटत असेल तर आत एकदा कळ दाबावी, बाण कोंडला जातो. सोडवायला कंट्रोल आणि एफ १० एकदम दाबावे. संगणकाच्या आत दुसरा काल्पनिक संगणक चालवून त्यात खेळ खेळत असाल आणि नजर गरगर फिरत असेल, तर त्याचे कारण थोडे वेगळे. असे खेळ दरवेळी बाण पडद्याच्या मध्यावर नेऊन ठेवतात आणि तेथून तो किती ढळला ते पाहतात. काल्पनिक संगणक मात्र बाणाची मूळ जागाच पुन्हा पुन्हा कळवतो. प्रत्येक वेळी तेवढाच फरक, म्हणून प्रत्येक वेळी तेवढेच वळण! तेथे माऊस-एकत्रीकरण बंद करावे. आणि माऊस हलवताच जुना खेळ धापा टाकू लागला, तर माऊस फार महागाचा आहे काय ते पाहा. खेळांसाठी विकले जाणारे माऊस सेकंदाला १,००० निरोप धाडतात. साधा यूएसबी माऊस १२५ च्या घरात. चाळीस निरोपांच्या जमान्यातल्या खेळाला तो भडिमार झेपेलच असे नाही.

घरी करून पाहण्याजोगा एक प्रयोग सांगतो. प्रकाशावर चालणाऱ्या आजच्या माऊसला गोळी नसते. त्याच्या पोटात एक छोटा कॅमेरा सेकंदाला हजाराहून अधिक वेळा टेबलाचे चित्र घेतो आणि लागोपाठची चित्रे ताडून किती सरकलो ते ठरवतो. असा माऊस वर्तमानपत्रावर, वहीच्या कोऱ्या पानावर, रेक्झिनवर, गुळगुळीत फरशीवर आणि काचेवर पट्टीच्या कडेने बरोबर पाच सेंटीमीटर सरकवा. दरवेळी बाण पडद्यावर किती गेला ते मोजा. हात एकाच वेगाने चालवा, आणि त्याआधी सेटिंगमधली 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' ही खूण काढून टाका. ती असली की वेगाने हलवलेला माऊस बाणाला जास्त दूर नेतो आणि मोजमाप फसते. वर्तमानपत्रावर व काचेवर काय फरक पडतो, आणि का, याचा विचार करा.

पाचव्या संगणकाचा माऊस आम्ही उघडला, पुसला, सगळीकडे लावून पाहिला. तो पहिल्यापासून ठणठणीत होता. संगणकाच्या मुख्य पाटीवरचे तीन कपॅसिटर मात्र फुगून फुटले होते. तो भंगारात गेला. जाण्यापूर्वी मुलांनी त्याच्या माऊसची गोळी काढून घेतली. पदार्थविज्ञानाच्या प्रयोगात आता ती दोऱ्याला टांगून लंबक म्हणून वापरतात.